अवहित्थ

डार्विनच्या ग्रंथात नाशिकच्या शेजारचा जिल्हा भेटेल, असे मला कधी वाटले नव्हते. माणसाच्या भावना चेहऱ्यावर कशा उमटतात हे जाणण्यासाठी त्याने १८६७ साली १६ प्रश्नांची छापील यादी देशोदेशी धाडली. आश्चर्याने डोळे विस्फारतात काय, लाजेने चेहरा आरक्त होतो काय, होकाराला मान खालीवर हलते काय, असे साधेच प्रश्न. आठवणीवर विसंबू नका, प्रत्यक्ष पाहून लिहा, ही त्याची विनंती. एकूण ३६ उत्तरे आली आणि १८७२ साली भावनाविष्कारावरचा त्याचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला.

त्यांतले एक उत्तर अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातले. तेथे राहणाऱ्या एच. अर्स्किन या गृहस्थांनी लोकांचे चेहरे न्याहाळले, काही जाणत्या एतद्देशीयांनाही विचारले. पण खात्रीचा निष्कर्ष निघेना. कारण युरोपियन समोर आला की ही माणसे सवयीने सगळ्या भावना झाकून घेत! डार्विनने ही अडचण नमूद केली आणि तो पुढे गेला. मला वाटते, त्याने येथे थोडे थांबायला हवे होते.

आपला भरतमुनी थांबला होता. नाट्यशास्त्रातल्या ३३ व्यभिचारी भावांत ‘अवहित्थ’ नावाचा एक भाव आहे. अवहित्थ म्हणजे मनातले बाहेर दिसू न देणे. लाज, भय, पराभव, थोरांविषयीचा आदर ही त्याची कारणे; भलतेच बोलणे, बोलता बोलता विषय तोडणे, उसने धैर्य आणणे ही त्याची लक्षणे. अर्स्किनसाहेबांना जो अडथळा वाटला, तो भरताच्या लेखी भावच होता.

पाश्चात्त्य मानसशास्त्र तेथे पोचले ते एकमन आणि फ्रीसन यांच्या हातून. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात जपानी व अमेरिकन विद्यार्थ्यांना किळसवाणे चित्रपट दाखवले होते. एकांतात दोघांचे चेहरे बरेचसे सारखे. संशोधक खोलीत आला की जपानी विद्यार्थी हसून वेळ निभावत. या प्रयोगावर पुढे वाद झाले, पण पाहणाऱ्याच्या उपस्थितीने चेहरा बदलतो, हे शास्त्राला विचारात घ्यावेच लागले.

नाशिककराला येथे १९०९ आठवल्यावाचून राहत नाही. कलेक्टर जॅक्सन संस्कृत जाणणारे, लोकांत मिसळणारे; त्यांना ‘पंडित’ म्हणत. याच वर्षी बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. २१ डिसेंबरच्या रात्री, बदलीनिमित्त निरोपाचा ‘शारदा’चा प्रयोग पाहायला जॅक्सन विजयानंद नाट्यगृहात आले. प्रेक्षकांत अनंत कान्हेरे बसलेले होते. त्यांचा कुणालाही संशय आला नाही.