मुंबई–लंडन : हवाई अंतर व प्रवासकाळ

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे 7,200 किमी. आहे. हे अंतर बृहद्‌वृत्तावर मोजतात. पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, की तो ज्या रेषेत बसतो ती बृहद्‌वृत्ताची, म्हणजे सर्वांत जवळची वाट. मुंबईहून वायव्येला निघालेली ही रेषा अरबी समुद्र, बलुचिस्तान, इराण, कॉकेशस, क्रिमिया व युक्रेन यांवरून पश्चिम युरोपात पोहोचते. सपाट नकाशावर मात्र ती उत्तरेकडे फुगलेली, म्हणून उगाच लांबची वाटते.

प्रत्यक्ष उड्डाण या रेषेवरून क्वचितच होते. फेब्रुवारी 2022 पासून युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने 2019 मध्ये काही महिने आणि पुन्हा एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांना वाट नाकारली. असा प्रत्येक वळसा वेळ आणि इंधन खातो. त्यामुळे नुसत्या किलोमीटरच्या आकड्यावरून प्रवासाची कल्पना येत नाही.

थेट विमानाला मुंबईहून लंडनला जाण्यास साधारण साडेनऊ ते दहा तास लागतात. परतीचा प्रवास बहुधा त्याहून थोडा लवकर आटोपतो. उंचावरचे जेट वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. जाताना ते अंगावर येतात, येताना पाठीशी असतात.

या मार्गाचा इतिहास टपालापासून सुरू होतो. इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने 1929 मध्ये लंडन–कराची सेवा सुरू केली. तिने आणलेली पत्रे 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एका इंजिनाच्या ‘पुस मॉथ’ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आणली. भारतीय नागरी विमानवाहतुकीचा आरंभ बहुधा इथूनच मानतात. पुढे 8 जून 1948 रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून निघाले आणि कैरो व जिनिव्हा येथे थांबत 10 जूनला लंडनला पोहोचले. बोटीने पंधरवडा वा अधिक काळ घेणारा प्रवास दोन दिवसांवर आला, ही त्या पिढीसाठी फार मोठी गोष्ट होती. या मार्गाने बळीही घेतले. तेच विमान 3 नोव्हेंबर 1950 रोजी आल्प्समधील माँ ब्लाँवर कोसळले. 24 जानेवारी 1966 रोजी त्याच पर्वतावर बोइंग 707 ‘कांचनजंगा’ आदळले. त्या अपघातात डॉ. होमी भाभा यांच्यासह 117 जण दगावले.

प्रवासकाळ मोजताना हेही ध्यानात घ्यावे, की वेळापत्रकातील वेळा त्या-त्या शहराच्या स्थानिक असतात. हिवाळ्यात लंडन भारताच्या साडेपाच तास मागे असते. मार्च ते ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारांदरम्यान साडेचार तास. जानेवारीत मुंबईहून दुपारी 2 वाजता निघून दहा तास उडालेले विमान लंडनला त्याच दिवशी संध्याकाळी साडेसहाला उतरते. पुढची गाडी वा विमान ठरवताना हा हिशेब आधी करावा.