एकाच्या घरातला एक, शंभराच्या घरातला एक

विहारात दानाची पावती फाडताना आम्ही आकडा लिहितो आणि खाली ‘अक्षरी रुपये’ही लिहितो. आकडा आहे ना, मग अक्षरी कशाला, असे तरुण मुले विचारतात. त्याचे उत्तर नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यात आहे.

तिथल्या १० क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा दानलेख आहे. त्याने भिक्खुसंघासाठी ३००० काहापण ठेव ठेवली. पैकी २००० विणकरांच्या एका श्रेणीकडे, शेकडा एक व्याजाने. व्याजातून वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ काहापण द्यायचे. हिशोब करून बघा : महिन्याला २०, वर्षाला २४०; आणि वीस बारे दोनशे चाळीस. एका काहापणाचीही चूक नाही! आणि रक्कम आधी शब्दांत, मग अंकांत कोरलेली आहे. म्हणजे आपली पावतीची रीत तितकी जुनी.

पण ते अंक आपल्यासारखे नव्हते. ब्राह्मीत १ ते ९ ची नऊ चिन्हे, १०, २० पासून ९० पर्यंतची नऊ वेगळी, शिवाय शंभर आणि हजार यांची निराळी. शून्य नव्हतेच. ३००० लिहायचे तर हजाराच्या चिन्हाला तीन जोडायचे.

मग जागेवरून किंमत ठरवण्याची युक्ती कुठे दिसते? आचार्य वसुबंधूंच्या इ.स. चौथ्या-पाचव्या शतकातील ‘अभिधर्मकोशभाष्या’त. याची मूळ संस्कृत पोथी राहुल सांकृत्यायनांना १९३० च्या दशकात तिबेटात सापडली. त्यात भदंत वसुमित्रांचा दृष्टान्त आहे : मोजणीची सोंगटी तीच, पण एकाच्या घरात ठेवली की एक, शंभराच्या घरात शंभर, हजाराच्या घरात हजार. तसाच धर्म भूत, वर्तमान, भविष्य या काळांत अवस्थेने बदलतो, द्रव्याने नाही. वसुबंधूंना हा सिद्धान्त मान्य नव्हता. पण दृष्टान्त सर्वांना कळत होता, म्हणूनच तो दिला गेला.

रिकाम्या घराची खूण म्हणजे शून्य. ग्वाल्हेरच्या इ.स. ८७६ च्या शिलालेखात २७० आणि ५० हे आकडे आजच्यासारखेच शून्य घालून लिहिले आहेत. नागार्जुनांच्या शून्यतेतूनच हे शून्य निघाले असे काहीजण भाषणात ठोकून देतात. त्याला पुरावा नाही. बुद्धाने तपासून घ्यायला शिकवले. आपणही पुराव्याएवढेच बोलावे. वसुमित्रांची सोंगटी अभिमानाला पुरेशी आहे.

पण ही सोय दुधारी आहे. ब्राह्मीत ५० चे ५०० करायला चिन्हच बदलावे लागे. आता एक टिंब पुरते. ज्यांना अक्षरओळख होऊ दिली नाही, त्या आपल्या आज्या-आजोबांनी सावकाराच्या कागदावर अंगठे उठवले. शेवटी किती शून्ये होती हे त्यांना कोण सांगणार? बाबासाहेबांनी ‘शिका’ आधी सांगितले, ते उगाच नाही.

म्हणून पोरांनो, पावतीवर अक्षरी लिहाच, आणि घेणाऱ्याने ती वाचूनच घ्यावी.

नमो बुद्धाय! जयभीम!