झोपडीच्या डागडुजीचे शंभर रुपये

भिलाई पोलाद कारखान्याचं लोहखनिज दल्ली-राजहऱ्याच्या खाणींतून येई. तिथे ठेकेदारांचे मजूर, बाया आणि पुरुष, हातांनी दगड फोडत आणि ट्रक भरत. १९७७ च्या बोनस करारात कायम कामगारांना ३०८ रुपये मिळाले, या मजुरांच्या वाट्याला आले ७०.

हा उघड अन्याय होता. हजारोंनी जुन्या युनियन सोडून आपला वेगळा संघ काढला आणि आणीबाणीच्या तुरुंगातून सुटलेल्या शंकर गुहा नियोगींना नेतृत्वासाठी बोलावलं. नियोगींनी पूर्वी भिलाईच्याच कोक ओव्हनमध्ये काम केलं होतं.

आंदोलनानंतर दोन गोष्टी कबूल झाल्या: काम न मिळालेल्या दिवसाची काही मजुरी, आणि पावसाळ्यापूर्वी झोपडीच्या बांबू-बल्ल्यांसाठी १०० रुपये. जून उजाडला, मजूर पैसे घ्यायला गेले, तर ठेकेदारांनी हात वर केले.

मजुरांनी काम टाकलं.

२ जूनच्या रात्री पोलिसांनी नियोगींना उचललं. संतापलेल्या मजुरांनी पोलिसांना घेरलं. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी झालेल्या गोळीबारात ११ जणांचा बळी गेला, त्यांत एक बाई आणि एक लहान मुलगाही होता. तरी संप मोडला नाही. १९८३ मध्ये याच मजुरांनी स्वतःच्या पैशांनी आणि श्रमांनी राजहऱ्यात शहीद हॉस्पिटल उभारलं.