दिनविशेष : २५ फेब्रुवारी – साताऱ्याचे शाहू बोर्डिंग

१९२७ : साताऱ्यात महात्मा गांधींच्या हस्ते कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या वसतिगृहाचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. सर्व जातींची मुले इथे एकत्र राहत, एकाच पंगतीत जेवत. ही पंगत उठू नये म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने मोडले. मंगळसूत्रही ठेवले नाही.

खेड्यातल्या मुलाची शाळा केवळ फीमुळे नव्हे, अंतरामुळेही सुटते, हे भाऊरावांनी नेमके ओळखले होते. पुणे जिल्ह्यातल्या मावळात ते आजही खरे आहे. पवन, नाणे आणि आंदर मावळातल्या ठाकर-कातकरी वाड्यांवरून कामशेत, वडगाव किंवा लोणावळ्याची शाळा गाठायची म्हणजे भिस्त एसटीवर, आणि पावसाळ्यात तीही बेभरवशाची. अशा वेळी घरी आधी थांबवली जाते ती मुलगी. शाळेजवळ मुक्कामाची आणि दोन वेळच्या जेवणाची सोय झाली, तर तिची दहावी हुकत नाही.

दप्तरे वाटणे सोपे. फोटोही छान येतात. पण मावळातल्या सेवाभावी संस्थांनी आणि लोणावळ्यात बंगले बांधणाऱ्यांनी येत्या जूनपासून वसतिगृहातल्या एखाद्या मुलीचा वर्षभराचा खर्च उचलावा.