इन्शुलिन घरी पोचवणाऱ्या नर्स

जानेवारी 1922 मध्ये टोरांटोत चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सनला इन्शुलिन टोचलं गेलं आणि मधुमेहाने मरणाच्या दारात पोचलेली मुलं परत फिरू लागली. पण औषधाबरोबर नवा पेच आला. ते रोज टोचायचं, जन्मभर. डोस जास्त झाला तर साखर उतरून माणूस बेशुद्ध पडणार, कमी पडला तर आजार पुन्हा उसळणार. रोज कुठला डॉक्टर घरी येणार?

बॉस्टनचे डॉ. एलियट जॉस्लिन यांनी याची तयारी आधीच केली होती. इन्शुलिन यायच्या आधी, 1918 सालीच, त्यांनी डॉक्टर आणि रुग्ण दोघांसाठी मिळून एक पुस्तिका लिहिली होती. ज्याला आपला आजार कळतो तो जास्त जगतो, अशी त्यांची ठाम धारणा. ऑगस्ट 1922 मध्ये त्यांच्याकडे पहिलं इन्शुलिन मिळालेली रुग्ण, एलिझाबेथ मड्ज, स्वतः नर्स होती.

शिकवण्याचं काम जॉस्लिन यांनी नर्सवर सोपवलं. काही नर्स तर रुग्णांच्या, विशेषतः मुलांच्या, घरी जाऊन राहत. ‘फिरत्या नर्स’ म्हणून त्या ओळखल्या जात. त्यांचा वर्ग भरे तो बहुतेक स्वयंपाकघरातच. पाव, बटाटा, दूध काट्यावर तोलून घ्यायचं. काचेची सिरिंज उकळायची, बोथट सुईला दगडावर घासून धार लावायची. लघवीचे थेंब बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात घालून तापवायचे. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी, मग विटकरी होत गेला की साखर चढलेली. हे सगळं आईला आणि मुलाला स्वतःच्या हाताने जमलं पाहिजे, कारण नर्स कधी ना कधी निघून जाणार.

इन्शुलिनच्या इतिहासात ते शोधणाऱ्या बँटिंग आणि बेस्ट यांची नावं येतात, यायलाच हवीत. पण इन्शुलिन हॉस्पिटलच्या दाराबाहेर पडून घराघरांत रुजलं ते या बायकांमुळे, आणि त्यांची नावं फारशी कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं. मधुमेह सांभाळायला शिकवणाऱ्यांची अमेरिकेतली संघटना उभी राहायला 1973 उजाडावं लागलं.

सुई घासायचे दिवस गेले, पण शिकवायचं काम संपलेलं नाही. आपल्याकडच्या इन्शुलिनच्या बाटलीत बहुधा मिलिलिटरला 40 युनिट असतात, पेनच्या कार्ट्रिजमध्ये 100. 40 साठी लाल टोपणाची सिरिंज, 100 साठी नारिंगी. 40 ची बाटली आणि नारिंगी सिरिंज अशी गल्लत झाली, तर 20 च्या खुणेपर्यंत ओढूनही शरीरात जातात फक्त 8 युनिट. उलट गल्लत झाली तर अडीच पट डोस, आणि तो जिवावर बेतू शकतो.

म्हणून डिस्चार्जच्या गडबडीत दहा मिनिटं मागून घ्या. सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने इंजेक्शन घेऊन दाखवा, आणि बाटली-सिरिंजची जोडी तिच्याकडून तपासून घेतल्याशिवाय घरी निघू नका.