गॅरेजातला खड्डा

मोटारीच्या पोटाखाली उभे राहून काम करता यावे म्हणून जमिनीत खणलेला अरुंद, लांबट खड्डा ही सोय मोटारीपेक्षा जुनी आहे. ती आली रेल्वेच्या इंजिन शेडमधून. वाफेच्या इंजिनाची राख भट्टीखालून ओढून काढायची तर रुळांच्या मधोमध खोलगट जागा लागे. शिवाय ब्रिटिश धाटणीच्या अनेक इंजिनांत सिलिंडर आणि झडपांची यंत्रणा दोन्ही बाजूंच्या चाकांच्या मध्ये, चौकटीच्या आत दडलेली असे. तिला तेल घालायचे तर माणसाला खालीच उतरावे लागे. भारतीय रेल्वेत डब्यांची देखभाल ज्या मार्गावर होते त्याला अजूनही ‘पिट लाइन’ म्हणतात, आणि एसटीच्या आगारातही बस खड्ड्यावर उभी करून मेकॅनिक तिच्याखाली उतरतात.

विसाव्या शतकाच्या आरंभी हा खड्डा घरात शिरला तो श्रीमंतांच्या. इंग्लंडात बंगल्याच्या आवारात तबेल्याच्या जोडीने किंवा तबेल्याच्या जागी मोटारीसाठी खोली बांधली जाई आणि तिच्या जमिनीत असा खड्डा ठेवण्याची पद्धत होती. तेव्हाची मोटार सततची निगा मागे. तेल गळे, सांध्यासांध्याला ग्रीस द्यावे लागे, नट ढिले होत. ही कामे मालक करत नसे. खड्ड्यात उतरणारा असे पगारी शोफर, आणि चालवण्याइतकेच दुरुस्त करणे हाही त्याच्या नोकरीचा भाग होता.

पश्चिमेकडे घरच्या खड्ड्याचा काळ लवकर सरला. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात पीटर लुनाटी या मेकॅनिकने न्हाव्याच्या वरखाली होणाऱ्या खुर्चीवरून कल्पना घेऊन मोटार उचलणारी हायड्रॉलिक लिफ्ट तयार केली. १९२५ मध्ये तिचा कारखाना निघाला. माणसाने खाली जाण्याऐवजी गाडीच वर जाऊ लागली, आणि पेट्रोल पंपांवर, सर्व्हिस स्टेशनांत तासाभरात ऑइल बदलून मिळू लागले. दुसरे कारण सुरक्षिततेचे होते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर निघून न जाता खोलगट जागेत साचते, आणि हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास पोचले तरी एखादी ठिणगी पुरते. त्यामुळे नियम कडक झाले. वायुवीजन नसलेल्या खड्ड्यातली साधी विजेची जोडणीसुद्धा अमेरिकी नियमांना धोक्याची वाटते.

मात्र जिथे गाडी मिळवणेही कठीण आणि ती दुरुस्त करून घेणे त्याहून कठीण, तिथे हा खड्डा मध्यमवर्गाच्या घरचा झाला. सोव्हिएत संघात तसे घडले.

१९६६ मध्ये सोव्हिएत सरकारने इटलीच्या फियाट कंपनीशी करार केला आणि व्होल्गाकाठच्या तोल्याती शहरात प्रचंड कारखाना उभारला. १९७० मध्ये तिथून फियाट १२४ वर बेतलेली ‘झिगुली’ बाहेर पडू लागली. (त्याच फियाटची आधीची ११०० ही मोटार मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनत होती.) सोव्हिएत रस्त्यांसाठी झिगुलीचा पत्रा जाड केला गेला, मागचे डिस्क ब्रेक काढून ड्रम बसवले, जमिनीपासूनची उंची वाढवली. किंमत साडेपाच हजार रूबल, म्हणजे साध्या नोकरदाराचा काही वर्षांचा सगळा पगार, आणि वर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची. एवढ्या कष्टाने मिळालेली वस्तू रस्त्यावर बर्फात उभी ठेवायला मन धजत नसे. शिवाय सर्व्हिस केंद्रे मोजकी आणि सुटे भाग दुर्मीळ. गाडी टिकवायची तर ती मालकानेच उघडायची, असा सरळ हिशेब होता.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला आवार नसते आणि जमीन तर सरकारचीच. यातून गॅरेज सहकारी संस्था निघाल्या. रशियात झिगुलीच्या आधीच, १९६० मध्ये, त्यांना सरकारी निर्णयाची चौकट मिळाली होती. वसाहतींच्या कडेला, रेल्वेमार्गालगत, नाल्यांच्या उतारावर विटांच्या एकसारख्या खोल्यांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. संस्थेतली जागा किती मोलाची होती याचा पुरावा म्हणजे एल्दार र्याझानोव यांचा १९७९ चा ‘गराझ’ हा चित्रपट: नव्या महामार्गामुळे जागा कमी पडते, काही सभासदांना वगळायचे ठरते आणि अख्खी गोष्ट सभासदांच्या एका सभेतल्या भांडणाची आहे. विनोदी चित्रपट असला तरी त्यातला हावरेपणा प्रेक्षकांच्या ओळखीचा होता.

खड्डा खणणे ही सभासदाची स्वतःची जबाबदारी. खोदाई बहुधा फावड्याने आणि मित्रांच्या मदतीने होई. रुंदी पाऊण मीटरच्या आसपास ठेवत. त्याहून जास्त ठेवली तर चाक घसरून आत पडण्याची भीती, कमी ठेवली तर खांदे वळत नाहीत. लांबी गाडीपेक्षा मीटरभर जास्त, कारण गाडी वर असतानाही चढउतार करता आली पाहिजे. खोली मात्र ज्याची त्याची. मालकाच्या उंचीत दहा-पंधरा सेंटिमीटर मिळवायचे, म्हणजे हात वर करून, कोपरातून किंचित वाकवून काम होते. गॅरेज विकले गेले की नव्या मालकाच्या नशिबी एकतर मान वाकवणे किंवा पायाखाली फळ्या टाकणे येई.

भिंती विटांच्या किंवा काँक्रीटच्या. त्यांच्यात कोनाडे ठेवत: पाने, स्क्रूड्रायव्हर, ग्रीसचा डबा हाताशी हवा, कारण एकेका पान्यासाठी वर-खाली करणे जिवावर येते. दिवा १२ किंवा ३६ व्होल्टचा लावावा असा दंडक होता. ओल्या जागेत २२० व्होल्टची तार जीवघेणी. खड्ड्याच्या काठावर लोखंडी कोन बसवलेला असे. खड्ड्यावर गाडीचा भार चाकांवरच राहतो, त्यामुळे चाक किंवा सस्पेन्शन उतरवायचे झाले की त्या दोन काठांवर मजबूत तुळई आडवी टाकून तिच्यावर जॅक लावावा लागे. लिफ्टसमोर खड्डा कमी पडतो तो नेमका इथे. ऑइल बदलणे, गिअरबॉक्स उतरवणे, गंजलेला सायलेन्सर सोडवणे अशा कामांना मात्र तो उत्तम.

खरा शत्रू पाणी. बर्फ वितळू लागला की भूजल वर येई आणि खड्डा भरे. म्हणून बाहेरून चिकणमाती ठासून भरत, डांबर फासत, डांबरी कागदाचे थर देत आणि तळाच्या एका कोपऱ्यात पाणी गोळा होण्यासाठी छोटे कुंड ठेवत. ओलावा नुसता पायांना त्रास देत नसे. उघड्या खड्ड्यातली दमट हवा गाडीच्या तळाला लागून तो गंजवी. काम नसताना खड्डा जाड फळ्यांनी झाकण्याची सवय त्यातूनच आली. गंज रोखण्यासाठी लोक तोफा-बंदुका जपायला वापरतात ते घट्ट ग्रीस गरम करून तळाला फासत. ते कामही खड्ड्यात उभे राहूनच.

अनेक गॅरेजांत खड्ड्याच्या शेजारी किंवा त्याच्याही खाली तळघर असे आणि त्यात बटाटे, लोणच्याच्या बरण्या हिवाळाभर राहत. पेट्रोल आणि अन्न एका छपराखाली ठेवणे शहाणपणाचे नव्हते, पण फ्लॅटमध्ये जागाच नसे. धोके ठाऊक होते: बंद दाराआड इंजिन चालू ठेवल्याने कार्बन मोनॉक्साइडने माणसे मरत. सारथ्यावरचे जुने नियतकालिक ‘झा रुल्योम’ (स्थापना १९२८) घरच्या दुरुस्तीचे सल्ले छापी आणि वाचक स्वतःच्या युक्त्या कळवत. दुरुस्तीची विद्या कारखान्याकडून कमी आणि शेजारच्या गॅरेजवाल्याकडून जास्त मिळे. रविवारी या रांगांत अर्धी वसाहत जमलेली असायची.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर परदेशी गाड्या आल्या, खासगी सर्व्हिस स्टेशने उघडली आणि लिफ्ट सर्वत्र दिसू लागली. संगणकावर चालणारे इंजिन खड्ड्यातून पाहून फारसे काही कळत नाही. शहरांतली गॅरेजांची जमीन रस्ते आणि इमारतींसाठी महाग ठरली; अनेक रांगा पाडल्या गेल्या. उरलेल्यांपैकी पुष्कळांकडे मालकीचे कागद नव्हते. रशियाने १ सप्टेंबर २०२१ पासून पाच वर्षांची मुदत देऊन, डिसेंबर २००४ च्या अखेरीपूर्वी बांधलेली पक्की गॅरेजे नोंदवून घेण्याचा कायदा केला. जमिनीवर नुसत्या ठेवलेल्या पत्र्याच्या खोक्यांना ही सवलत नाही; बांधकाम पायासकट जमिनीला जोडलेले असावे लागते.