सेनेका तळ्याकाठची द्राक्षं: गोष्ट सुरू कुठून करायची?

आज आपण न्यूयॉर्क राज्यात जाणार आहोत. न्यूयॉर्क म्हटलं की उंच इमारती डोळ्यांपुढे येतात. पण आपल्याला जायचंय ते त्या शहरापासून गाडीनं चार-पाच तास वायव्येला. नकाशा उघडलात तर तिथे उत्तर-दक्षिण पसरलेली ११ लांबट, अरुंद तळी दिसतील. हाताची बोटं उमटावीत तशी. म्हणून त्या भागाचं नाव ‘फिंगर लेक्स’. अमेरिकेतला हा एक नावाजलेला वाइनचा प्रदेश आहे.

आम्ही तिथे गेलो सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. आपल्याकडे नाशिकचे बहुतेक बागायतदार त्या दिवसांत ऑक्टोबर छाटणीच्या तयारीला लागलेले असतात. तिथे मात्र लवकर पिकणाऱ्या जातींचे घड उतरवायला सुरुवात झालेली. गाडीची काच खाली केली की काँकर्ड द्राक्षांचा गोड, उग्र वास आत येतो. सेनेका तळ्याच्या काठानं जाताना रस्त्याकडेला एका शेतकऱ्याचा ठेला लागला. टोपल्यांत द्राक्षं होती, आणि शेजारी हंगामातले शेवटचे पीच. त्या पीचपाशी आपल्याला पुन्हा यायचं आहे, म्हणून ते लक्षात ठेवा.

आधी एक साधा प्रश्न. इतक्या थंड मुलखात द्राक्षं येतातच कशी? हिवाळ्यात तिथे पारा शून्याच्या बराच खाली जातो. उत्तर तळ्यात आहे. हिमयुगातल्या बर्फाच्या प्रचंड थरांनी जुन्या नद्यांची खोरी खरवडून खोल केली, त्यांची ही तळी झाली. सेनेका तळं सुमारे १८८ मीटर खोल आहे. एवढं पाणी उन्हाळाभर ऊन साठवतं आणि ती ऊब पुढे महिनोन्‌महिने हळूहळू सोडत राहतं. त्यामुळे काठच्या उतारांवर शरदातलं दंव उशिरा पडतं आणि घडांना पिकायला सवड मिळते. वसंतात नेमकं उलट होतं. गार पाण्यामुळे काठची हवा गार राहते, वेलींचे डोळे घाईनं फुटत नाहीत, आणि उशिरा येणाऱ्या दंवातून वाचतात. तळ्यापासून जरा दूर गेलात की हे संरक्षण संपलं. म्हणून बागा काठाच्या उतारांवर.

तिथल्या प्रवाशाला सांगितली जाणारी गोष्ट साधारण अशी सुरू होते: १८२९ साली क्यूका तळ्याकाठच्या हॅमंड्सपोर्ट गावी विल्यम बॉस्टविक नावाच्या पाद्र्यानं चर्चच्या आवारात द्राक्षाचे वेल लावले, आणि त्यातून हा उद्योग वाढला. ते खरंच आहे. फक्त त्या आधीची पन्नास वर्षं गोष्टीतून निसटतात.

१७७९ चा सप्टेंबर महिना. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं. या तळ्यांच्या काठी सेनेका आणि कयूगा लोकांची गावं होती. होदेनोशोनी नावाच्या सहा राष्ट्रांच्या संघातली ही दोन राष्ट्रं. संघात युद्धावरून फूट पडलेली होती. या दोघांनी इंग्रजांची बाजू घेतली होती. १७७८ मध्ये सरहद्दीवरच्या वसाहतींवर इंग्रजांचे आणि त्यांच्या मित्रांचे जबर हल्ले झाले. त्यांना उत्तर म्हणून जॉर्ज वॉशिंग्टन यांनी जनरल जॉन सुलिव्हन यांना पाठवलं. हुकूम स्पष्ट होता: गावं केवळ जिंकायची नाहीत, उद्ध्वस्त करायची.

आता वेळ बघा. मोहिमेचा मोठा भाग सुगीच्या तोंडावर आला. मका उभा, भोपळे शेतात, झाडांना फळं लगडलेली. सुलिव्हन यांच्या अहवालात ४० गावं आणि किमान १,६०,००० बुशेल मका नष्ट केल्याची नोंद आहे. आणि फळबागा तोडल्या. सेनेका तळ्याच्या पूर्व काठावर केंडाया नावाचं गाव होतं. सफरचंदाच्या झाडांमुळे सैनिक त्याला ‘ॲपलटाउन’ म्हणू लागले. कयूगा तळ्याकाठच्या एका गावाला त्यांनी ‘पीचटाउन’ म्हटलं. मोहिमेवरच्या कित्येक अधिकाऱ्यांनी रोजनिशा ठेवल्या होत्या. त्यांत एकीकडे कणसांच्या आकाराचं, बागांचं, मातीचं कौतुक आहे आणि दुसरीकडे त्याच बागा तोडल्याची नोंद.

पुढचा हिवाळा अतिशय कडाक्याचा पडला. हजारो माणसं नायगाराच्या किल्ल्याजवळ इंग्रजांच्या आश्रयाला गेली. भुकेनं आणि थंडीनं कित्येक दगावली. युद्ध संपल्यावर या जमिनीचा मोठा भाग न्यूयॉर्क राज्यानं सैनिकांना सेवेचा मोबदला म्हणून वाटला. मोजणी करून पाडलेल्या त्या विभागांना ग्रीक-रोमन नावं दिली गेली: ऑव्हिड, रोम्युलस, युलिसिस, हेक्टर. आज वाइनच्या वाटेवर तुम्ही हेक्टरमधून जाता, ते नाव तिथून आलं.

म्हणजे बघा, या उतारांवर फळं येतात हा काही १८२९ चा शोध नव्हता. तळ्याची ऊब काठावर राहणाऱ्यांना ठाऊक होती. त्यांच्या बागा तोडणाऱ्यांनीच ती आपल्या हातानं लिहून ठेवली.

आता वेलींकडे वळू. हॅमंड्सपोर्टला १८६० मध्ये ‘प्लेझंट व्हॅली वाइन कंपनी’ सुरू झाली. तेव्हा वाइन व्हायची ती कटॉबा, इझाबेला अशा अमेरिकन जातींची, उग्र वासाची. युरोपातले नाजूक वेल लावून पाहिले की मरायचे. थंडी, बुरशी आणि मुळांवर येणारी फायलोक्झेरा नावाची कीड, तिन्ही त्यांच्यावर उठलेल्या. १९२० ते १९३३ दारूबंदी आली. तोवर पक्कं ठरून गेलं होतं की युरोपीय वेल इथे जगत नाही.

१९५१ मध्ये कॉन्स्टंटिन फ्रँक नावाचे गृहस्थ अमेरिकेत आले. मूळचे युक्रेनचे, घरची भाषा जर्मन, द्राक्षशेतीवर डॉक्टरेट केलेली, इंग्रजी येत नव्हतं. सेनेका तळ्याच्या टोकाला जिनिव्हा गाव आहे, तिथल्या कृषी संशोधन केंद्रात त्यांना काम मिळालं ते खुरपणीचं. ते सांगायचे की युक्रेनमध्ये याहून कडक थंडी पडते आणि तरी हे वेल तगतात. प्रश्न योग्य खुंटाचा आहे. खुरपणी करणाऱ्याचं कोण ऐकणार? ऐकलं चार्ल्स फूर्निए यांनी. शँपेनमध्ये मुरलेला हा फ्रेंच माणूस क्यूका तळ्याकाठी वाइन करत होता. त्यानं फ्रँकना कामावर घेतलं. दोघांनी काटक खुंट हुडकले. क्यूबेकमधल्या एका ख्रिस्ती मठाच्या बागेपर्यंत गेले. १९५७ च्या फेब्रुवारीत पारा उणे ३० अंश सेल्सिअसच्याही खाली उतरला, आणि फ्रँक यांनी कलम केलेले रीसलिंग आणि शार्दोने जगले. १९६२ मध्ये त्यांनी स्वतःची वाइनरी काढली.

आपल्या बागायतदारांना यात नवल वाटणार नाही. आपल्याकडेही थॉमसन सीडलेसची डोळेभरणी ‘डॉगरिज’ खुंटावर होतेच, आणि तो खुंट अमेरिकन वेलाचाच आहे. वर एक, खाली दुसरा. बाजारात नाव होतं वरच्याचं.

१९७६ च्या कायद्यानं लहान शेतकऱ्याला आपली वाइन थेट गिऱ्हाइकाला विकता येऊ लागली. आज या भागात शंभराहून अधिक वाइनरी आहेत.

त्या भागात १९२९ मध्ये, मोहिमेला दीडशे वर्षं झाली म्हणून उभारलेले दगडी स्तंभ आहेत. त्यांवरच्या पाटीत अभिमान आहे तो राज्य पश्चिमेकडे वाढवल्याचा. तोडलेल्या बागा त्यात नाहीत. आणखी थोडं पश्चिमेला कॅनंडायग्वा तळं आहे. तिथे ११ नोव्हेंबर १७९४ रोजी अमेरिका आणि होदेनोशोनी यांच्यात तह झाला. त्या तहानुसार अमेरिकन सरकार अजूनही दरवर्षी कापड पाठवतं. होदेनोशोनी ते कापड घेतात, कारण ते येतं तोवर तह जिवंत आहे.

तुम्ही कधी गेलात तर रीसलिंग जरूर चाखा. ती खरोखर सुरेख असते. पण सप्टेंबरात गेलात तर रस्त्याकडेच्या ठेल्यावर थांबून पीचही घ्या, आणि गोष्ट तिथून सांगायला सुरुवात करा. आम्हीही परतीच्या वाटेवर तेच केलं.